केप्याचा वाडा आणि आपली जांभ्याची भिंत

मागच्या खेपेला आपण घरदुरुस्तीच्या कर्जाबद्दल बोललो. तेव्हा एका ताईंनी विचारलं होतं, "जांभ्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल थांबेल ना?" उत्तराआधी आम्ही तुम्हाला गोव्यात, केप्याला नेतो.

तिथे कुशावती नदीच्या काठी, चर्चच्या समोर एक मोठा वाडा आहे. त्याला डीनचा वाडा म्हणतात. डीन म्हणजे चर्चमधला वरचा अधिकारी. सरदार घराण्यातल्या एका पोर्तुगीज डीनने १७८७ मध्ये तो बांधला. पुढे तो सरकारकडे गेला आणि काही काळ तिथे निराधार बायकांना आसरा मिळाला. सरदाराच्या दिवाणखान्यात आपल्यासारख्या बायका झोपल्या असतील, हे आम्हाला सगळ्या झुंबरांपेक्षा मोठं वाटतं. नंतर वाडा ओस पडला. कोकणातल्या पावसात बंद घराचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच.

पुढे एका जोडप्याने तो घेतला. दुरुस्तीला तीन वर्षं लागली. आता लोक तो बघायला येतात, आधी कळवलं तर जेवणही मिळतं. आमचं मत विचाराल तर अशी घरं चुलीवरच तगतात. पाहुणे आले नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात कौलं कोण बदलणार?

आता भिंतीकडे येऊ. अशी जुनी घरं जांभा आणि चुन्याची. जांभ्याला बारीक भोकं असतात, तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट घट्ट, ते वाट अडवतं. मग ओल आतच राहते, गिलावा फुगतो, पोपडे पडतात. चुना मात्र हवा घेत सावकाश आवळतो. थर पातळ द्यावा लागतो, पाणी मारत राहावं लागतं. गवंड्याला घाई असते, म्हणून तो सिमेंटच सुचवतो.

त्या ताईंच्या घरी आम्ही जाऊन आलो. भिंतीच्या वर दोन कौलं फुटलेली, आणि पागोळीचं पाणी थेट पायाशी. कर्जाचा अर्ज त्यांनी अजून भरलेला नाही. आधी कौलं बदलायची आणि चर खणायचा ठरलं आहे. पावसाळा झाला की भिंत पुन्हा बघू, मग गिलाव्याचं बोलू.