अक्का नेमकी कुणाची?

सोलापुरात वाढलेल्या माणसाला कोणी विचारले, 'तुमची मातृभाषा कोणती?' तर तो क्षणभर थांबतो. उत्तर ठाऊक नसते म्हणून नव्हे. पुढचा प्रश्न ठाऊक असतो म्हणून. 'मराठी? मग तेलुगू कसं येतं हो तुम्हाला?'

येते, इतकेच. आमच्या घरी मराठी, समोरच्या घरी कानडी, मागच्या बोळात तेलुगू आणि कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात दखनी. शिकवले कोणीच नाही. विटीदांडूचे भांडण ज्या भाषेत पेटेल, तिच्यातले शब्द आधी पाठ व्हायचे. (ते येथे छापण्याजोगे नाहीत!) थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणायचो. समोर कानडी घरात अक्का, मागे तेलुगू घरातही अक्काच. ही अक्का नेमकी कुणाची, असे विचारायचे तेव्हा कुणाला सुचले नाही.

गावाची घडणच तशी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी वचने रचली ती कानडीत. जानेवारीत त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला सात नंदीध्वजांमागे आजही सारे गाव लोटते. १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. गिरण्यांच्या आणि मागांच्या ओढीने तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले, पूर्वभाग त्यांनी गजबजवला. पुरुष मागावर, बायका विड्या वळायला. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी येथे लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्याला फाशी दिले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. ही नावे नुसती वाचली तरी गावातल्या पेठा डोळ्यांपुढे येतात.

येथवरचे सगळे भाषणात सांगण्यासारखे आहे. आता न सांगण्यासारखे.

मागच्या बोळातला माझा मित्र पद्मशाली. शाळा मराठी. 'माझी शाळा' हा निबंध त्याने आदल्या संध्याकाळी मला दाखवला. मी वरवर पाहिला आणि 'चांगलाय बे' म्हणून खेळायला पळालो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला उभे करून वाचायला लावले. 'माझा शाळा मोठा आहे. तिथे मोठी झाड आहे.' वर्ग हसला, गुरुजीही हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. निर्जीव वस्तूंना मराठीसारखी तीन-तीन लिंगे तेलुगूत नाहीत, हे तेव्हा मला कुठे माहीत? पण चुका आदल्या दिवशी दिसल्या होत्या, हे मात्र नक्की माहीत होते.

संध्याकाळी सवयीने त्याच्या घरी गेलो. त्याची आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. 'तिन्नावा?' तिने विचारले. जेवलास का? मी ऐटीत उत्तर दिले, 'तिन्नदि.' आजीच्या मांडीवरचे सूप हलले, इतकी ती हसली. आतून तिच्या सुनाही हसल्या.

'अरे, ते बाईमाणसाबद्दल झालं! तू बाई आहेस का बे?' मित्र म्हणाला, आणि बरोबर रूप त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले. शाळेचा विषय त्याने काढला नाही. आजीने ताट वाढले.

अनेक भाषांच्या गावात वाढले की मन आपोआप मोठे होते, असे म्हणतात. मला ते पटत नाही. मी तेलुगू शिकलो हौसेने. ते चुकले तर ताट मिळाले. तो मराठी शिकला ते शाळेसाठी, पुढे कचेरीसाठी. ते चुकले तेव्हा त्याला काय मिळाले, ते मी पाहिले होते. शेजार एकच, पण दोघांची शिकवणी सारखी नव्हती. दुसऱ्याच्या घरात आपणही अडाणी असतो, एवढे मात्र त्या संध्याकाळी कळले, आणि नंतर कोणाच्या मोडक्या मराठीला मला मोकळेपणी हसता आले नाही. त्या निबंधाबद्दल मात्र मी त्याची माफी आजवर मागितलेली नाही.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. माग केव्हाच विकले गेले. नात इंग्रजी शाळेत जाते, मराठी झकास बोलते. थोरल्या बहिणीला 'दीदी' म्हणते. मी चपला काढत होतो, तोच आतून त्याचा आवाज आला, 'तिन्नावा?' मी उत्तर दिले. या खेपेला बरोबर.

'आजोबा, काय म्हणाले ते?' नातीने विचारले.

त्याने माझ्याकडे बोट दाखवले. 'त्यालाच विचार.'