अकस्मात् उठणारा मस्तकशूळ

आमच्या कास्तकार बंधूंत डोकेंदुखीस कोणी फारसें मोजीत नाहीं. उन्हाचा ताप, जागरण, पित्त अशीं कारणें सांगून सुंठीचा लेप लावावा व पुन्हां शेताची वाट धरावी, ही चाल. बहुतेक वेळां त्यांत चूकही नसते. परंतु जी वेदना क्षणार्धांत उठते, तिची गोष्ट निराळी.

आम्ही वैद्य नव्हे. आमची हयात फेरफार व पीकपाहणीच्या नोंदींत गेली. त्या संवयीनें आम्ही प्रथम वेळ विचारतों, आणि या व्याधींत डॉक्टरही तेंच विचारतात: दुखणें शिगेस पोहोंचण्यास किती वेळ लागला? अर्धशिशी बहुधा हळूहळू चढते. पण वीज कोसळावी तसें दुखणें एका मिनिटाच्या आंत कळसास गेलें, तर मेंदूच्या आवरणाखालीं रक्तवाहिनी फुटल्याचा संशय धरावा. वाहिनीस आलेला फुगा फुटून हें बहुधा घडतें. वांती, मान आखडणें, ग्लानि हीं सोबत असूं शकतात. नसलीं म्हणून निर्धास्त राहूं नये. आमच्या एका भाऊबंदास खळ्यावर पोतें उचलतांना असेंच झालें. "ऊन लागलें" म्हणून घरच्यांनीं रात्र काढली. सकाळीं त्यांची वाचा गेली होती. पहिल्या सहा तासांत सीटी स्कॅन झाल्यास रक्तस्राव बहुधा सांपडतोच. पुढें तो हुडकणें कठीण होत जातें. अशा वेळीं अ‍ॅस्पिरिन देऊं नये. १०८ क्रमांकास तत्काळ फोन करावा.

दुसरें कारण फवारणीचें. त्यास आपण औषध म्हणतों, पण तें विषच; सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत त्यानें कित्येक शेतकरी व मजूर दगावले. फवारतांना डोकें दुखूं लागून घाम व लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर अंगावरचे कपडे उतरवून साबणानें अंग धुवावें व दवाखाना गांठावा. बाटली बरोबर न्यावी. तिच्या चिठ्ठीवरून विषाची जात कळते.

थंडींत दार लावून शेगडी पेटविली, अगर कोंडलेल्या जागीं तेलाचें इंजिन चालविलें, तर कार्बन मोनॉक्साइड वायु सांचतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. एकाच खोलींतील दोघां-तिघांचें डोकें एकदम दुखूं लागणें ही त्याची मोठी खूण; सर्वांनीं आधीं मोकळ्या हवेंत यावें.

डोळा लाल होऊन त्याच बाजूचें कपाळ ठणकत असेल व दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसत असतील, तर तो काचबिंदूचा झटका असूं शकतो. त्याच दिवशीं उपचार न झाल्यास दृष्टि जाण्याचें भय. बर्फाचें पाणी घटाघटा प्याल्यानें कपाळांत उठणारी कळ मात्र आपोआप ओसरते. तिच्यासाठीं तालुक्यास जाण्याचें कारण नाहीं.