हेलिकॉप्टर आणि चार सळया

बोअर घ्यायचं ठरलं की आधी पाणाड्याला बोलावणं जातं. तळहातावर नारळ उभा राहतो, खूण होते, गाडी लागते. तीनशे फुटांवर नुसता फुफाटा उडाला की माणूस नशिबाला बोल लावतो. खरं कारण काळ्या पाषाणात आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा. अखंड पाषाणात पाणी साठत नाही. ते साठतं वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात. त्यामुळे एकाच्या विहिरीला पाणी, तर शेजारच्या बांधापलीकडे कोरडं.

हा फरक विजेला कळतो. एका रेषेत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोनमधून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं. एप्रिलमध्ये जमीन इतकी वाळलेली असते की सळयांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं, तेव्हा कुठे प्रवाह आत शिरतो. बाहेरच्या सळया लांब नेल्या की तो आणखी खोल जातो. कठीण पाषाण त्याला अडवतो, भिजलेला मुरूम वाट देतो.

असं अख्खं खोरं मोजायचं तर वर्षं लागतील. म्हणून डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘स्कायटेम’ घडवलं. हेलिकॉप्टरखाली, जमिनीपासून साधारण ३० मीटरवर, तारेचं भलंमोठं कडं लोंबतं. त्यातला प्रवाह एकदम तोडला की जमिनीत भोवऱ्यासारखे प्रवाह उमटतात. कठीण खडकात ते चटकन विरतात, चिकणमातीत रेंगाळतात. हे विरणं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक टप्प्यांत मोजलं जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं केंद्रीय भूजल मंडळासाठी देशातल्या सहा ठिकाणी हे तंत्र वापरून पाहिलं. राजस्थानातलं जैसलमेर, बिहारमधलं पाटणा यांच्या जोडीला त्यात नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा पाणलोट क्षेत्रही होतं. पंढरपूरची चंद्रभागा वेगळी. ही निवड मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे हे तंत्र आपल्याच खडकावर पारखलं गेलं.

मात्र यंत्राला पाणी दिसत नाही, दिसतो तो विद्युतरोध. ओला मुरूम, चिकणमाती आणि खारं पाणी त्याला सारखीच भासू शकतात. विजेच्या तारांजवळची मोजमापं तर टाकूनच द्यावी लागतात. म्हणून आकाशातून आलेला नकाशा जमिनीवरच्या सळयांशी आणि जुन्या विहिरींशी ताडून पाहतात. गावातल्या उघड्या विहिरीच्या काठाशी वाकून पाहा: वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्या भेगेतून पाझरणारी ओल. नकाशातला रंग बरोबर आहे की नाही, ते ही ओल सांगते.