ईश्वरचिठ्ठी
लेखांक ६

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असते त्या दिवशी तहसील कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. पुसद घ्या, दारव्हा घ्या, उमरखेड घ्या. टेबलावर बरणी, बरणीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. शाळेतलं एखादं लेकरू पुढे बोलावतात, ते बरणीत हात घालतं आणि गावाचं नाव पुकारलं जातं. मतमोजणीत दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली तरी निकाल असाच लागतो. आपण तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. माणसाचं चालेनासं झालं की देवावर सोपवायचं.

प्राचीन अथेन्सचे लोक चिठ्ठीवर शेवटी येत नसत, तिथूनच सुरुवात करत. गेल्या आठवड्यात आपण प्निक्स टेकडीवरची लोकसभा पाहिली. पुढे पुढे ती वर्षाला चाळीसदा भरू लागली. (आपल्या ग्रामसभेला कायद्याने वर्षातून किमान चार बैठका आहेत, आणि त्यांची गणपूर्ती होतानाच जीव मेटाकुटीला येतो.) या सभेपुढे येणारे विषय ठरवायचे ते पाचशे जणांच्या मंडळाने. नागरिकांच्या दहा गणांतून प्रत्येकी पन्नास, वय तिशीच्या पुढचं, निवड चिठ्ठीने, आणि एका माणसाला जन्मात दोनदाच संधी. त्यातले एका गणाचे पन्नास जण वर्षाचा दहावा हिस्सा कारभार पाहत आणि रोज आपल्यातून चिठ्ठीनेच एक अध्यक्ष काढत. एक रात्र आणि एक दिवस शहराच्या खजिन्याच्या किल्ल्या नि राजमुद्रा त्याच्या हाती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्या पन्नासांतला एक. ती खुर्ची त्याला पुन्हा कधीच नाही.

न्यायालयातले पंचही असेच निवडत. त्यासाठी एक दगडी पाटी असे, तिच्यात खाचांच्या ओळी. प्रत्येकाच्या नावाची पट्टी खाचेत बसवायची, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे. पांढरा पडला की ती अख्खी ओळ पंच म्हणून आत, काळा पडला की घरी. पंच कोण होणार हे सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नसे, मग लाच द्यायची तरी कुणाला? अशा पाटीचा अवशेष अथेन्सच्या संग्रहालयात आजही आहे. निवडणूक म्हणजे मूठभरांचं राज्य आणि चिठ्ठी म्हणजे लोकशाही, अशी त्या काळची समजूत अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवून ठेवली आहे. निवडणुकीत नावाजलेलाच निवडून येतो, हे अथेन्सकरांनी ओळखलं होतं. सेनापती मात्र ते मतदानानेच निवडत. लढाईत चिठ्ठी चालत नाही.

आपण मतदानाची वाट धरली. त्या वाटेत यवतमाळचा वाटा मोठा आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० साली सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवर १९६१चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या उभ्या राहिल्या. सत्ता मुंबईहून तालुक्याला आली, तरी गावात ती बहुधा नावाजलेल्या घरांतच राहिली. ती तिथून हलली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे फिरत्या आरक्षणाने. ते आरक्षण कोणत्या गावाला जाणार हे ठरवायला बरणी आली. ज्या बाईला पॅनलने कधी विचारलंही नसतं तिच्यासाठी ती चिठ्ठी दार उघडते. पुढचा कारभार नवराच हाकतो अशी तक्रार ऐकू येते, आणि बऱ्याच ठिकाणी ती खरीही आहे. तरीही दार उघडलं ही गोष्ट मला फार मोठी वाटते. अथेन्सच्या खाचांत बाईच्या नावाची पट्टी एकदाही बसली नाही. गुलामांची नाही, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या परक्यांचीही नाही.

चिठ्ठी कुणाला आत आणेल याचा नेम नसतो. इ.स.पू. ४०६ मध्ये तिने सॉक्रेटिसला त्या पाचशेंत आणलं. त्याच वर्षी आर्गिनुसाईच्या समुद्री लढाईत अथेन्स जिंकलं, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही. शहर शोकाने पेटलं. सेनापतींचा स्वतंत्र न्याय न करता सगळ्यांचा फैसला एकाच मतदानात लावा, अशी मागणी सभेत झाली. ते बेकायदा होतं. त्या दिवशी कारभार पाहणाऱ्या पन्नासांत सॉक्रेटिसचा गण होता. सभा धमक्या देऊ लागली तसे बाकीचे नमले, हा एकटा नमला नाही. मतदान झालंच. परत आलेल्या सहाही सेनापतींना मृत्युदंड मिळाला. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला, असं इतिहासकार झेनोफन लिहितो.

नावाड्याला चिठ्ठीने कुणी निवडतं का, मग राज्यकर्त्याला का, असा सवाल हाच सॉक्रेटिस करी. सात वर्षांनी, इ.स.पू. ३९९ मध्ये, तो स्वतः न्यायालयात उभा राहिला. समोर चिठ्ठीने निवडलेले सुमारे पाचशे पंच बसले होते. तो खटला पुढच्या आठवड्यात.