उडी मारून खाली येताना गुडघा सांभाळा

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून १० फूट उंच असते. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ सुरू केला तेव्हा व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या टोपल्या ठोकल्या होत्या. तो सज्जा १० फुटांवर होता, म्हणून आजही उंची तीच. साहजिकच खेळणाऱ्या पोरांचं सगळं लक्ष वर असतं. गुडघ्याची मोठी दुखापत मात्र बहुतेक वेळा खाली येताना किंवा पळता पळता एकदम वळताना होते. कुणी धक्काही दिलेला नसतो.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा एक तिरका, दोरीसारखा पट्टा असतो. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू नये, गुडघा पिळला जाऊ नये, हे त्याचं काम. पाय ताठ ठेवून, सगळा भार एकाच पायावर घेऊन खाली आलं आणि त्याच क्षणी गुडघा आत वळला, की हा पट्टा तुटू शकतो. पूर्ण तुटलेला पट्टा सहसा आपोआप पहिल्यासारखा जुळत नाही. शस्त्रक्रिया झाली तर मैदानात परतायला साधारण ९ महिने किंवा त्याहून जास्त लागतात. वर घरचा खर्च आणि बुडालेले खाडे.

वयात आल्यानंतर मुलांच्या मानाने मुलींना ही दुखापत जास्त होते. उंची आणि वजन वाढतं, त्या मानाने मांडीच्या मागच्या आणि खुब्याच्या स्नायूंची ताकद वाढत नाही, हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणून मुलीला घरी बसवायचं का? मुळीच नाही. तिला खाली कसं यायचं ते शिकवायचं.

घरीच एक गोष्ट करून पाहा. मुलाला किंवा मुलीला जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून दोन्ही पायांनी जमिनीवर उडी मारायला सांगा. तुम्ही समोर बसा. जमिनीला पाय टेकताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का, तेवढंच बघा. मोबाइलवर चित्रण करून सावकाश चालवलं तर आणखी स्पष्ट दिसतं. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत. आधी चवडा टेकावा, मग टाच. गुडघे आणि कंबर वाकावी, खुर्चीवर बसायला निघाल्यासारखी. आणि आवाज ऐका. धप्पकन आवाज आला तर धक्का गुडघ्यानेच घेतला. मांजरासारखं हलकं उतरता आलं पाहिजे.

आठवड्यातून दोन-तीनदा, खेळण्याआधी १५ मिनिटं अशा उड्या, बैठका आणि एका पायावर तोल सांभाळणं, एवढं नेमाने केलं तर धोका खरोखर कमी होतो. सिमेंटच्या मैदानावर चपला घालून मात्र खेळू नये.

शरीराची ठेवण खेळातही कामाला येते. बचाव करताना पाय खांद्यांहून थोडे रुंद, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर समोर. रिंगला लागून परतणारा चेंडू पकडायचा असेल, तर आधी प्रतिस्पर्धी आणि रिंग यांच्यामध्ये जागा धरायची, पाठीला तो जाणवला पाहिजे. मग चेंडूकडे पाहायचं. ढकललं तर फाउल. बुटक्या पोराने आधी जागा पकडली तर उंच पोरालाही चेंडू सहज मिळत नाही. आमच्या मते प्रशिक्षकांनी ‘उंच उडी मार’ असं जितकं ओरडून सांगावं, तितकंच ‘गुडघे वाकव’ हेही सांगावं.

एवढं करूनही कधी गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला, काही तासांत सूज चढली, पाय टेकवेना, तर खेळ तिथेच थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा, पाय उंचावर ठेवा. पहिले दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही, आणि कुणाकडून ओढून ‘बसवून’ तर घ्यायचंच नाही. रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवा. सूज उतरली, चालता यायला लागलं, म्हणजे गुडघा बरा झाला असं नसतं. पट्टा तुटलेला असतानाही माणूस सरळ चालू शकतो. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मैदानात पाठवू नका, मग शाळेचा सामना चार दिवसांवर का आलेला असेना.