एकाच गाण्याचे पीक

वाचकहो, तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल, तर पुढचा प्रसंग तुम्हांला ओळखीचा वाटेल. जेवणे आटोपली आहेत, गुरांना वैरण टाकून झाली आहे, वडीलधारी माणसे अंथरुणाला पाठ टेकत आहेत आणि माडीवरून धाड-धाड ठेका ऐकू येतो आहे. चिरंजीव मोबाईलवर गाण्याचा 'बीट' बनवीत बसले आहेत. वडील कुरकुरतात, "हे काय पोटाला घालणार आहे?" आई म्हणते, "असू द्या हो, वाईट नादाला तर लागला नाही ना!"

या दोघांत कोणाचे खरे, ते एका वाक्यात सांगता येणार नाही. पण अशाच एका मुलाची खरी हकिगत आज तुमच्यापुढे ठेवतो. ती अमेरिकेतली आहे; तरी तिच्यात कापसाचे रान आहे, बाप-लेक आहेत, मध्यस्थ व्यापारी आहे, भरघोस पीक आहे आणि पीक हाती आल्यावरची पडझडही आहे.

मुलाचे नाव डीअँड्रे कॉर्टेझ वे. जन्म २८ जुलै १९९० रोजी शिकागो शहरात. लहानपण ॲटलांटात गेले आणि चौदाव्या वर्षी तो वडिलांजवळ राहायला मिसिसिपी राज्यातील बेट्सव्हिल या गावी आला. हे गाव सात हजारांच्या आसपास वस्तीचे. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले कापसाचे आणि सोयाबीनचे सपाट रान येथून सुरू होते. शहरातून आलेल्या पोराला अशा गावात करमणार कसे? वडिलांनी त्याची गाण्याची हौस ओळखली आणि घरातच संगणक व ध्वनिमुद्रणाची सोय करून दिली. त्यानंतर जे काही शिकला, ते पोरगा आपले आपणच शिकला.

त्याला ओढ होती रॅपची. रॅप म्हणजे ठेक्यावर यमके जुळवीत झपाझप बोलणे. ज्यांनी शाहिराची डफावरची फेक ऐकली आहे किंवा कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकत रात्र जागवली आहे, त्यांना ते अगदीच परके वाटू नये. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय तरुणांच्या नाच-मेळाव्यांतून हा प्रकार वाढीला लागला. यात एक जण ठेका व वाद्यांचा साज तयार करतो, त्याला प्रोड्यूसर म्हणतात. दुसरा त्यावर बोल म्हणतो. डीअँड्रे ही दोन्ही कामे एकटाच करी. त्याचे हत्यार होते 'फ्रूटी लूप्स' नावाचा संगणकावरचा कार्यक्रम. पडद्यावर चौकटी मांडलेल्या असतात. ज्या चौकटीवर खूण करावी तेथे ढोल, टाळी किंवा घंटा वाजते. सरीत ठराविक अंतरावर बी टोकावे तसेच हे काम.

गाणे तर झाले, पण ते ऐकणार कोण? येथे या पोराची हुशारी दिसते. 'सोल्जा बॉय' असे नाव घेऊन २००५ च्या अखेरीपासून तो आपली गाणी इंटरनेटवर टाकू लागला. शिवाय त्याने एक लबाडीही केली, आणि ती पुढे स्वतःच सांगितली. लोक ज्या जागी फुकट गाणी शोधत, तेथे त्याने आपल्या गाण्यांना नामवंत गायकांच्या गाण्यांची नावे देऊन ठेवले. लोक शोधायला जात एक आणि ऐकायला मिळे हा पोरगा! दुसऱ्याच्या नावाच्या पोत्यात आपला माल भरून बाजारात पाठवण्यासारखेच हे. माल आवडला म्हणून खपला, हे खरे. पण पोते दुसऱ्याचे होते, हेही लक्षात ठेवा.

मार्च २००७ मध्ये त्याने 'क्रँक दॅट' हे गाणे केले. साज अगदी साधा: पोलादी पिंपाच्या तळावर वाजवतात तसल्या वाद्याचा नाद, चुटक्या आणि ढोल. सोबत एक नाच बसवून त्याची स्वस्तातली चित्रफीत टाकली. गावोगावची पोरे तो नाच शिकली आणि आपापल्या चित्रफिती टाकू लागली. उन्हाळ्यापर्यंत ॲटलांटाच्या मिस्टर कॉलिपार्क या निर्मात्यामार्फत इंटरस्कोप या बड्या कंपनीशी त्याचा करार झाला. सप्टेंबर २००७ मध्ये ते गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिले आले आणि एकूण सात आठवडे पहिले राहिले. पैसे मोजून उतरवून घेतलेल्या त्याच्या प्रती तीस लाखांवर गेल्या. ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. मुलाचे वय सतरा!

शेतकऱ्याला या गोष्टीचे मर्म चटकन कळेल. मधल्या दलालाला टाळून माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात नेण्याचे स्वप्न आपण किती वर्षे पाहतो आहोत! या पोराने गाण्याच्या बाजारात ते करून दाखवले. आधी गिऱ्हाईक मिळवले, मग व्यापारी त्याच्या दारी आला. आज घरात बसून गाणी करणारी जगभरची पोरे ज्या वाटेने जातात, ती मळवणाऱ्या पहिल्या काही जणांत हा होता.

पण पुढची गोष्ट ऐका.

पहिल्या संग्रहाच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १,१७,००० प्रती गेल्या. तीनच वर्षांनी, २०१० च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या संग्रहाच्या गेल्या सुमारे १३,०००. मधल्या काळात दोन-तीन गाणी जोरात चालली. २००९ मध्ये एक गाणे तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. परंतु तेच बी, तीच सरी, तोच ठेका. एकच पीक वर्षानुवर्षे घेतले की जमीन उतरते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला ते कोणी शिकवले नाही.

आईस-टी या बुजुर्ग रॅपरने २००८ मध्ये, या पोराने सारी कलाच मारून टाकली, अशी टीका केली. पोराने बापाच्या वयाच्या माणसाला सर्वांसमक्ष उलट उत्तर दिले. टीका कडवट होती आणि कान्ये वेस्टसारख्या नामवंताने पोराची बाजूही घेतली. तरी त्या टीकेतला कामाचा भाग तेवढा उचलून घेतला असता, तर पुढे उपयोगी पडला असता.

मग बंदुका आल्या. २००८ च्या डिसेंबरात त्याच्या घरात शस्त्रधारी चोर शिरले. पुढे बंदुका बाळगण्यावरून त्यालाच अटक झाली. न्यायालयाने त्याला अटींवर मोकळे ठेवले. त्या मोडल्याबद्दल एप्रिल २०१९ मध्ये २४० दिवसांची कैद झाली, आणि जुलैत तो सुटला. त्याआधी २०१८ च्या डिसेंबरात आपल्या नावाने खेळाची यंत्रे विकायला काढली होती. त्यांत दुसऱ्या कंपन्यांचे खेळ भरलेले! थोड्याच दिवसांत विक्री बंद करावी लागली. दुसऱ्याच्या पोत्याची सवय सुटली नव्हती.

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी. एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने एका दिवाणी दाव्यात त्याला जबाबदार धरले. त्याच्याकडे पूर्वी नोकरीस असलेल्या एका स्त्रीने मारहाण आणि लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता. चाळीस लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवण्यात आली. त्याने आरोप नाकारले आहेत. पण गाणे कितीही गाजलेले असो, अशा गोष्टीपुढे त्याचे मोल किती उरते, हे तुम्हीच ठरवा.

आता पुन्हा तुमच्या माडीकडे वळू. या हकिगतीवरून कोणी म्हणेल, "बघा, म्हणून गाणे-बिणे नको!" मला तसे वाटत नाही. बेट्सव्हिलच्या त्या बापाने मुलाला एक कोपरा आणि एक यंत्र दिले, यात त्याचे काहीच चुकले नाही. पडझड गाण्याने झाली नाही. कसब मुलगा आपले आपण शिकू शकतो. पण पैसा कसा सांभाळावा, राग कसा गिळावा, हाताखालच्या माणसाशी आणि बाईमाणसाशी कसे वागावे, हे संगणकाच्या चौकटीत सापडत नाही. ते घरातच मिळावे लागते, आणि मुलगा नामांकित व्हायच्या आधी मिळावे लागते.

म्हणून आज रात्री ठेका ऐकू आला, तर ओरडू नका. जिना चढून वर जा. शेजारी बसून म्हणा, "ऐकव पाहू." मग सावकाश विचारा: यातले तुझे स्वतःचे किती, दुसऱ्याचे किती? सोबत कोण आहेत? उद्या कोणी कागदावर सही मागितली, तर आधी घरी दाखवशील ना?

आणि उठताना, कहाणीच्या शेवटी आजी जे बजावायची, ते त्याला आठवून द्या. उतू नकोस, मातू नकोस.