विश्लेषण : नखाखालचा काळा डाग… ठेच की त्वचेचा कर्करोग?

गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटला. १९७७ मध्ये तो मेलानोमा, म्हणजेच त्वचेचा कर्करोग असल्याचे निदान झाले. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सावळ्या त्वचेला धोका नसतो?

मेलॅनिनमुळे उन्हापासून बरेच संरक्षण मिळते. मात्र तळपाय, तळहात आणि नखाखालच्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. सावळ्या व्यक्तींमध्ये तो बहुधा याच जागी आढळतो आणि तिथे सहसा लक्ष जात नाही.

लक्षणे कोणती?

तिळाच्या दोन बाजू सारख्या नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच डागात अनेक रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आकार आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे सतत होणारा बदल. भाजल्याच्या जुन्या व्रणावरची न भरणारी जखमही दुर्लक्षू नये.

ठेचेपासून फरक कसा ओळखायचा?

ठेच लागून साकळलेले रक्त नख वाढते तसे पुढे सरकते. डाग जागचा हलत नसेल, एकाच नखावरची काळी रेघ रुंदावत असेल किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर पसरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. खात्रीचे निदान बायोप्सीनेच होते. लवकर सापडलेला मेलानोमा शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.